पाऊण तास जास्त तापलेलं पोलाद

चिरंजीव भाऊजींना वहिनीचे आशीर्वाद. (चिरंजीव लिहिताना पेन जरा अडखळलं, कारण तुम्हाला परवा अठ्ठ्याहत्तरावं लागलं आणि तोंडात दात किती उरलेत ते तुमचं तुम्हालाच ठाऊक. पण मी वयाने दोनच वर्षांनी मोठी असले तरी नात्याने थोरली आहे, तेव्हा आशीर्वाद घ्यायचे आणि गप्प बसायचं. गप्प बसणं तुम्हाला जमतं, ते पुढे येईलच.) इकडे माझा एक डोळा आणि दोन्ही गुडघे सोडले तर सगळं ठीक. जाऊबाईंची कंबर कशी आहे? तेल चोळून घेतात का नुसतंच बाटलीकडे बघतात? तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि महिनाभर वाचायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं, हे तुमच्या मुलाने फोनवर सांगितलं. उत्तम झालं. म्हणजे हे पत्र जाऊबाईंनाच वाचावं लागणार. जाऊबाई, तुम्ही पाणी पिऊन घ्या आणि स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात वाचा. सून घरात असेल तर तिलाही बसवा. मुलगा कामावरून आला नसेल तर तो येईपर्यंत थांबा.

भाऊजी, मी आज इतकी खूश आहे की काय सांगू. सकाळपासून दोनदा चहा उतू गेला आणि मी हसले. माझा मुलगा म्हणाला, आई बरी आहेस ना? मी म्हटलं, एकतीस वर्षांनी बरी झालेय. ते कसं, ते सांगते, पण सुरुवातीपासून सांगायला हवं. मी चौथी शिकलेली बाई, मला मधूनच सांगता येत नाही.

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला एक लोखंडी तुकडा लावलेला असायचा, तो तुम्ही पाहिलाय. (पाहिलाय म्हणजे काय, त्याच्याकडे बघायला नको म्हणून तुम्ही नेहमी बाहेरच्या खोलीतच चहा प्यायलात.) क्रेनच्या हुकाचा अर्धा तुकडा. यांना हातोड्यावरून काढलं त्या दिवशी यांनी तो टॉवेलात गुंडाळून घरी आणला, दारापाशी ठेवला आणि एक अक्षर न बोलता हातपाय धुवायला गेले. तेव्हापासून तो तिथेच. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून तो बरा होता. मी त्याने खिळे ठोकले, अडकलेली झाकणं सैल केली, एकदा मांजराच्या दिशेने भिरकवायलाही गेले होते, पण तेवढी ताकद नव्हती म्हणून मांजर वाचलं. आणि आठवड्यातून एकदा तरी त्याला माझ्या पायाचं बोट ठेचायचं. दर वेळी मी तुमच्या नावाने बोटं मोडायची. हिशोब तुम्हीच करा, मला तेवढी आकडेमोड येत नाही.

आता सूनबाईला सगळं माहीत नसेल, तिच्यासाठी सांगते. तुझे थोरले सासरे मोठ्या हातोड्यावर होते आणि तुझे सासरे भट्टीवर. दोघं भाऊ एकाच शेडमध्ये, मध्ये वीस पावलांचं अंतर. भट्टीवाल्याने पोलाद तापवायचं, पिवळंधमक झालं की बाहेर काढायचं, आणि हातोडेवाल्याने ते पिवळ्याचं लाल होईपर्यंत ठोकून आकाराला आणायचं. लाल मावळून जांभळट झालं की थांबायचं, मग एकही ठोका नाही. हे यांचं व्याकरण. यांनी घरात कधी रंगाची साडी निवडली नाही, मला निळी आवडते हे त्यांना चाळीस वर्षांत कळलं नाही, पण पोलादाचा रंग असा वाचायचे की बाजूला उभा असलेला साहेब यंत्राकडे बघायच्या आधी यांच्या तोंडाकडे बघायचा. शेवटचा ठोका झाला की प्रत्येक हातोडेवाला आपला ठसा उमटवायचा. ठसा म्हणजे बोटाएवढा पोलादी खुंटा, टोकाला त्याची त्याची खूण कोरलेली. कुणाची चांदणी, कुणाचं पान. यांची तीन टिंबं. शेजारी तारीख. म्हणजे उद्या काही मोडलं तर कुणाच्या हाताखालचं, ते कळावं.

आणि मोडलं. कारखान्याच्याच अंगणातल्या क्रेनचा नवा हूक, बसवून दोन महिने झाले नसतील, कटकन मोडला आणि पाइपांची मोळी खाली आली ती नेमकी मोठ्या साहेबांच्या नव्या कोऱ्या गाडीवर. माणूस एकही खाली सापडला नाही, ही आमची दुर्दैवाची बाजू. एखाद्याचा पाय गेला असता तर चौकशी सहा महिने चालली असती आणि मग कुणाला आठवलीही नसती. गाडी होती म्हणून तीन दिवसांत निकाल. तुटलेल्या हुकावर तीन टिंबं. वरच्या कातडीवर गार असताना ठोकल्याच्या खुणा. निकाल काय, तर हातोडेवाल्याने थंड पोलादावर ठोके घातले, त्यामुळे हूक कच्चा राहिला. यांना विचारलं, तुमचं काही म्हणणं? हे म्हणाले, नाही. तुम्हाला विचारलं, भट्टीचं काही? तुम्ही म्हणालात, भट्टी ठीक होती. मग तिथल्या रिवाजाप्रमाणे, हातोड्यावरून काढलेल्या माणसाचा ठसा भट्टीवाल्याने सगळ्यांदेखत भट्टीत टाकायचा, तो तुम्ही टाकलात. सख्ख्या भावाचा. हात थरथरला नाही म्हणे. पुढची सहा वर्षं हे कारखान्याच्या फाटकावर स्टुलावर बसून दुसऱ्यांनी ठोकलेल्या मालाच्या गाड्यांना फाटक उघडत राहिले, आणि तुम्ही भट्टीचे मुकादम झालात. (अभिनंदन तेव्हा करायचं राहून गेलं. आता करते.)

फाटकासमोरच्या बाकावर जुने कामगार अजून जमतात. सहा उरलेत. त्यांनी यांचं नाव पाडलं थंडेराव. आधी पाठीमागे, मग तोंडावर, आणि हे सुद्धा त्या हाकेला ओ द्यायला लागले. पाच वर्षांपूर्वी हे गेले तेव्हा त्यातला एकजण, तो टकलू रंगारी, माझ्यासमोर डोळे पुसत म्हणाला, वहिनी, आपला थंडेराव गेला हो. मी रडता रडता थांबले. मनात आलं, आत जाऊन तो तुकडा आणावा.

पण खरी गोष्ट सांगू का, सगळ्यात जास्त मीच बोललेय यांना. जेवताना, झोपताना, डबा भरताना. तुम्हाला लाल आणि जांभळं कळेनासं झालं का हो? चार लोकांत तोंड उघडायला काय झालं होतं? मेलं, एवढा मोठा घण हाताखाली आणि जीभ तेवढी कापसाची! हे ताटात बघून म्हणायचे, बोलून घे, बरं वाटेल. बस, एवढंच उत्तर. पंचवीस वर्षं एकच उत्तर देणाऱ्या माणसाशी भांडायलाही कंटाळा येतो, पण मी चिकाटी सोडली नाही.

आता आमच्या भिंगरीवर येते. भिंगरी म्हणजे माझी नात, तुम्ही तिला शेवटचं पाहिलंत तेव्हा ती तुमच्या चष्म्यावर बसली होती. आता चोवीस वर्षांची आहे आणि पोलादावर शिकते. म्हणजे अशी की पोलाद तापवायचं, तापलेलं दाबायचं, आणि मग ते आतून कसं झालं आणि किती ताकदीचं झालं ते बघायचं. मी म्हटलं, अगं हे तर तुझे आजोबा रोज करायचे, त्यासाठी सोळा वर्षं शाळेत जायची काय गरज होती? ती म्हणाली, आजी, आजोबा बाहेरून बघायचे, मी आतून बघते. मग एक दिवस चहा प्यायला स्वयंपाकघरात आली, तुकड्याला पायाचं बोट ठेचलं, (घराण्याची परंपरा) आणि शिव्या देण्याऐवजी खाली बसून त्याच्या मोडलेल्या तोंडाकडे बघत राहिली. म्हणाली, आजी, हा थंड ठोकलेला वाटत नाही गं. हे बघ, इथे कसं खडीसाखरेसारखं चकाकतंय. मला कापायला देशील?

मी तीन दिवस दिला नाही. का ते मलाही कळेना. एकतीस वर्षं ज्याला शिव्या दिल्या तो कापायला न्यायचा म्हटल्यावर मी त्याला पदराने पुसत बसले. शेवटी म्हटलं, देते, पण मी सोबत येणार. हुकाला एकट्याला पाठवणार नाही. (त्या तीन दिवसांनंतर दाराला लावायला काही नाही म्हणून मुलाने जाडजूड पुस्तक लावलं, ते दाराने दोन दिवसांत फाडलं. आता दार दिवसभर आपटतं. शेजारी विचारतात, तुमच्याकडे भांडणं चाललीत का? मी म्हणते, हो, जुनी आहेत.)

लॅबच्या फाटकावर पहारेकरी. पिशवीत काय आहे आजी? मी म्हटलं, माझ्या नवऱ्याची अब्रू आहे. त्याने पिशवी उघडली, बघितलं आणि वहीत लिहिलं, लोखंड, एक नग. मला राग आला, पण मग वाटलं, त्याचं तरी काय चुकलं, कारखान्यानेही एवढंच लिहिलं होतं. आत मला पांढरा कोट घातला, डोळ्यांवर चष्मा, माझ्या चष्म्यावर दुसरा चष्मा. भिंगरीच्या मॅडम आल्या. फार करड्या बाई. त्यांनी विचारलं, हे कुठल्या कामात बसतं? भिंगरी म्हणाली, जेवणाच्या सुट्टीत करते मॅडम. त्या हुकाकडे बघून म्हणाल्या, आणि या बाई? भिंगरी म्हणाली, या नमुन्यासोबत आल्यात. मग मॅडम हसल्या. करड्या बायका हसल्या की फार छान दिसतात, जाऊबाई, तुम्हीही अधूनमधून करून बघा.

हुकाचे पातळ काप काढले. एक काप घासून घासून आरशासारखा केला, त्यावर कसलंसं आम्ल फिरवलं आणि भिंगाच्या यंत्राखाली ठेवला. चित्र पडद्यावर. भाऊजी, पोलादाच्या आत वस्ती असते! मला कुणी सांगितलं नव्हतं. घराला घर लागून, मध्ये बारीक भिंती, वरून बघितलं तर आपली जुनी गल्लीच. भिंगरी त्यांना दाणे म्हणते, मी घरं म्हणते. पोलाद तापत राहिलं की ही घरं एकमेकांना खायला लागतात. मोठं घर लहानाच्या भिंतीत हळूच हात घालतं आणि भिंत त्याच्याच अंगणात सरकवतं. (तुमचा पलीकडचा शेजारी. तसंच.) जितका वेळ भट्टीत, तितकी घरं मोठी आणि थोडी. मग हातोडा पडतो. पोलाद चांगलं गरम असताना ठोके पडले की मोठी घरं चेचली जातात आणि त्यांच्या जागी नवीन लहान लहान घरं उगवतात, आपोआप, दाटीवाटीने. लहान घरं म्हणजे भिंती जास्त. भेग एका घरात शिरली की पुढच्या भिंतीला अडकते, वळते, दमते. ते पोलाद मजबूत. मोठी घरं असली की एक दार उघडलं की भेग थेट मागच्या अंगणात. मी म्हटलं, आमच्या गल्लीत तर भिंती जेवढ्या जास्त तेवढी बातमी लवकर पोचते. भिंगरी म्हणाली, आजी, पोलादाला तोंड नसतं.

आणि थंड झाल्यावर ठोकलं तर? तर नवीन घरं उगवत नाहीत. जी आहेत तीच चपटी होतात, लांबट होतात, रस्त्यात चाकाखाली आलेल्या डब्यासारखी. मला खात्री पटावी म्हणून पोरीने चांगल्या पोलादाचे तीन बुटके तुकडे घेतले, यंत्रात तापवून दाबले. (दाबल्यावर ते कमरेत फुगतात आणि उंचीला कमी होतात. मला आरशात बघितल्यासारखं झालं.) एक नीट वेळेवर काढून नीट दाबला. एक भट्टीत विसरल्यासारखा ठेवला. एक जांभळा पडल्यावर दाबला. तिन्हींची चित्रं शेजारी शेजारी, आणि चौथं आमच्या हुकाचं. चौथीतली मुलगीही सांगेल, चौथी शिकलेली आजी तर सांगेलच. हुकाच्या पोटात सगळी मोठी घरं. वाड्यांसारखी. विसरून ठेवलेल्या तुकड्याची सख्खी भावंडं. भिंगरीने दोन तुकडे ओढायच्या यंत्रालाही लावले. वेळेवर काढलेला ताणला, लांबला, कुरकुरला आणि मग सुटला. हुकाचा न ताणता कटकन गेला. तोच आवाज, म्हणाले असते हे, जर असते तर.

म्हणजे भाऊजी, भट्टी ठीक नव्हती. पोलाद भट्टीत नको तेवढा वेळ पडून होतं. भट्टीवाला जागेवर नव्हता.

मी त्या पांढऱ्या कोटात टाळ्या वाजवल्या. मॅडम बाहेरून धावत आल्या, वाटलं काहीतरी फुटलं. मी म्हटलं, फुटलं होतं, एकतीस वर्षांपूर्वी. आज आवाज आला. घरी येताना पहारेकऱ्याला सांगितलं, वहीत खोडून लिही, लोखंड नाही, पुरावा. तो म्हणाला, आजी, खाडाखोड चालत नाही. मग राहू दे म्हटलं. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी पत्र लिहायला बसले, आणि वरचं सगळं लिहून काढलं. तुमच्या नावाने आणखी दीड पान होतं, ते भिंगरीने वाचून काढून घेतलं. म्हणाली, आजी, धाकट्या आजी मोठ्याने वाचणार आहेत ना?

तेवढ्यात पोरीने दुसरं चित्र आणलं आणि माझ्या आनंदात मिठाचा खडा पडला. हे हुकाच्या कातडीजवळचं. पोटात वाडे, आणि कातडीला मात्र चपटी घरं. थंड ठोके. म्हणजे चौकशीवाले खोटं बोलत नव्हते. मी म्हटलं, म्हणजे हे चुकलेच की गं! ती म्हणाली, थांब. आजोबांना रंग कळत नव्हता असं तुला वाटतं का? मी म्हटलं, छे. मग ती म्हणाली, आजी, पोलाद भट्टीतून निघालं तेव्हाच आजोबांना कळलं असणार की ते फार भाजलंय. टाकून दिलं असतं तर भट्टीवाल्याचं नाव लिहिलं गेलं असतं. म्हणून त्यांनी ठोकायला घेतलं. मोठे दाणे फोडायला नेहमीपेक्षा जास्त ठोके घातले, पिवळ्यात घातले, लालात घातले, आणि तरी भागलं नाही म्हणून जांभळ्यातही घालत राहिले. एवढा जाड नग त्या हातोड्याला आतपर्यंत चेचताच आला नाही. आणि शेवटी कातडी गार झाली, तिथे नवीन दाणे उगवलेच नाहीत, नुसते चेपले गेले.

मी उठून घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली. (घरात सगळे घाबरले.) माणूस जाणूनबुजून आपलं व्याकरण मोडतो, धाकट्या भावाचं नाव वहीत जाऊ नये म्हणून. मग आपला ठसा मारतो. मग विचारतात, काही म्हणणं? नाही. आणि घरी येऊन माझ्या शिव्या ऐकतो, बोलून घे, बरं वाटेल. मला नाही हो बरं वाटत. तुमच्यावर राग आहेच, पण त्यांच्यावर जास्त आहे. मला एकदा सांगितलं असतं तर काय मी फाटकावर जाऊन दवंडी पिटली असती? (पिटली असती. पण तरी.) मी त्यांना रंग न कळणारा म्हटलं, आणि ते पोलादात लिहून बसले होते, माझ्या स्वयंपाकघराच्या दारात, माझ्या पायाच्या बोटाखाली.

तर भाऊजी, सगळ्यांसमोर विचारते, आणि जाऊबाई, इथे आवाज चढवा. तुम्ही कुठे होतात? भट्टीला हात लागत नाही, डोळा लागतो, हे तुम्हीच सांगायचात. तो डोळा कुठे होता? झोपला होतात? पत्ते कुटत होतात? हुकावर तारीख आहे, आठवून बघा. मला तर तो दिवस पक्का आठवतो, त्याच दिवशी वरच्या मजल्यावरच्या घड्याळजीच्या जिन्यात त्याच्या दोन्ही बायका समोरासमोर आल्या होत्या आणि एकीला दुसरी माहीत नव्हती. सगळ्या जगाला तो दिवस आठवतो, तुम्हालाच कसा आठवत नाही? नेमका किती वेळ जास्त ते कळायला भिंगरी उद्या आणखी चार तुकडे तापवणार आहे, वेगवेगळ्या वेळचे, आणि हुकाशी ताडून बघणार आहे. तोवर तुम्ही उत्तर तयार ठेवा. इकडे या, त्या बाकावरच्या सहा म्हाताऱ्यांसमोर उभे राहा, आणि सांगा की थंडेराव कुणी नव्हता. तुम्ही एकदा तुमच्या दादांसाठी तोंड उघडा. ते गेल्यावर वर्षाने तुम्ही पार्सलने एक लोखंडी खुंटी पाठवलीत, चिठ्ठी नाही चपाटी नाही. सख्ख्या भावाची आठवण म्हणून खुंटी! तिच्यावर मी छत्री अडकवते. तेवढ्याने फिटत नाही.

जाऊबाईंना नमस्कार नाही, कारण त्या लहान, पण माया. सूनबाईला आणि मुलाला आशीर्वाद. औषधं वेळेवर घ्या, मला तुम्ही जिवंत हवे आहात.

तुमची,
वहिनी

ता. क. जाऊबाई, इथून पुढचं वाचू नका. कागद भाऊजींच्या हातात द्या आणि आत जाऊन दूध बघा. भाऊजी, डॉक्टर काही म्हणोत, एका डोळ्याने वाचा, भिंग लावून वाचा, पण एकट्याने वाचा. भिंगरीचे चार तुकडे झाले. ताडून बघितलं. पाऊण तास. पोरगी म्हणाली, आजी, पोलाद पाऊण तास जास्त भट्टीत होतं, पाच-दहा मिनिटं इकडे तिकडे. आणि मला घड्याळजीच्या बायका आठवल्या. यांचा डबा मी रोज साडेबाराला कारखान्याच्या पहारेकऱ्याकडे देऊन यायची. त्या दिवशी पोटात बातमी मावेना म्हणून अकरालाच आले. हे हातोडा सोडून येऊ शकत नव्हते, म्हणून तुम्हाला बोलावून घेतलं. पहिली बायको काय म्हणाली, दुसरी काय म्हणाली, घड्याळजी कसा जिन्याखाली लपला, त्याचे हातवारे, सगळं. तुम्ही दोनदा म्हणालात, वहिनी, येतो हं, भट्टी आहे. मी तुमची बाही धरली. म्हटलं, थांबा हो, खरी गंमत पुढेच आहे.

त्या संध्याकाळी यांनी मला एकच विचारलं होतं, डबा किती वाजता दिलास? मी खुशीत सगळं परत सांगितलं, घड्याळजी, जिना, तुम्ही कसे हसलात ते. हे ऐकून मोरीत गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले. म्हणजे त्यांना माहीत होतं. आणि तुम्हालाही. हे मरेपर्यंत गप्प, तुम्ही एकतीस वर्षं गप्प, आणि बोलणारी मी एकटी.

ता. क. दुसरा. वरची पानं फाडून पुन्हा लिहायला हवी होती. पण शिव्या लिहायला मला दोन दिवस लागलेत आणि अक्षर बरं आलंय, म्हणून तशीच पाठवते. जाऊबाईंनी वाचून झालंच असेल. त्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. आजवर जे सांगितलं नाहीत तेही चालेल.

ता. क. तिसरा. भिंगरी आता घरातलं सगळंच लोखंड उलटंपालटं करून बघते, माझी कात्रीसुद्धा वाचली नाही. काल तिने छत्रीची खुंटी भिंतीवरून काढली. भिंतीकडच्या बाजूला तीन टिंबं आहेत. ताजी, गरम असताना उमटवलेली, आणि शेजारची तारीख हे गेल्यानंतरची. म्हणजे त्या दिवशी सगळ्यांदेखत भट्टीत दुसरंच काहीतरी पडलं, बोल्ट असेल नाहीतर खिळा, आणि ठसा तुमच्या खिशात होता. हात थरथरला नाही म्हणे! कसा थरथरेल.

तर मागणं एवढंच. ठसा घेऊन या. मॅडमनी परवानगी दिली आहे, भिंगरी लॅबमध्येच एक लहानसा हूक करणार आहे, स्वयंपाकघराच्या दाराला, दार फार आपटतं. ठोकणार ती, टिंबं आजोबांची. भट्टीवर तुम्ही उभे राहा, ऑपरेशनचा डोळा असला तरी पिवळं कळतंच. बाकावरच्या सहाही म्हाताऱ्यांना बोलावलंय. त्यांना सांगायचं तर आपल्या तिघांचंही सांगा, माझं आधी. मी भट्टीशेजारी स्टुलावर बसेन, पोलाद निघेपर्यंत तोंड मिटून. घड्याळजीचं पुढे काय झालं ते तुम्हाला अजून माहीत नाही, पण ते नंतर सांगेन.